ओफोची केस: घरातला नकार आणि बाहेरचा नकार

२०१८ ला पुण्यात असाल तर आठवत असेल, महापालिकेच्या सायकल शेअरिंगच्या लाटेत रस्त्याकडेला एकदम रंगीबेरंगी सायकली उगवल्या होत्या. पेडल, युलू, नारिंगी मोबाइक, आणि ती पिवळीधमक चिनी ओफो. त्यातली ओफो वर्षाच्या सुरुवातीला भारतात आली आणि जुलैपर्यंत गाशा गुंडाळून गेली पण. आपल्याकडे नेहमीप्रमाणे चर्चा झाली की लोकांना शिस्त नाही, फुटपाथ नाहीत, सायकल ट्रॅकवर गाड्या लावतात वगैरे. ते सगळं खरंच आहे, पण ओफो बुडायचं कारण पुण्यात नव्हतं, ते बीजिंगमध्ये होतं, आणि मला विचाराल तर ते सायकलीत नव्हतंच, टीममध्ये होतं.

मी शनिवारी एका इंजिनियरिंग कॉलेजच्या स्टार्टअप सेलमध्ये जाऊन बसतो, फुकट सल्ले देतो, पोरं चहा पाजतात. दरवर्षी एक तरी ग्रुप असा येतोच: हॉस्टेलचे चार रूममेट, शेअर प्रत्येकी पंचवीस टक्के, आणि तुमच्यात सीईओ कोण असं विचारलं की चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग मी त्यांना ओफो सांगतो. या वर्षी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, म्हणजे दरवेळी घसा कोरडा करायला नको.

आधी एक गोष्ट. चीनमध्ये पिढ्या दशकावरून मोजतात. सत्तरनंतरचे, ऐंशीनंतरचे, नव्वदनंतरचे, चिनीत छी लिंग हौ, बा लिंग हौ, च्यो लिंग हौ. आपण 'आमच्या वेळी' म्हणून भागवतो, तिथे लेबलच लावतात आणि पेपरवाल्यांपासून एचआरवाल्यांपर्यंत सगळे ते वापरतात. ओफोचा फाउंडर दाई वेई १९९१ चा, म्हणजे च्यो लिंग हौ, आणि काही काळ तर या पिढीचा पोस्टर बॉयच होता.

पोरगा पेकिंग युनिव्हर्सिटीचा, तिथल्या मॅनेजमेंट स्कूलमधला. २०१३ ला पदवी झाल्यावर वर्षभर छिंगहाय प्रांतातल्या एका डोंगराळ गावात गणित शिकवायला गेला, तिथे सायकल घेतली आणि सायकलचं वेड लागलं. परत आल्यावर २०१४ मध्ये युनिव्हर्सिटीतल्याच मित्रांना घेऊन कंपनी काढली. पुढे कोफाउंडर म्हणून पाच नावं सांगितली जायची आणि पाचही पेकिंग युनिव्हर्सिटीची. ओफो हे नावसुद्धा कुठल्या शब्दाचं लघुरूप नाही, ती तीन अक्षरं इंग्रजीत लिहून बघा, सायकलवर बसलेला माणूस दिसतो. अशा आयडिया रात्री दोनला रूमवर सुचतात, एजन्सीला पैसे देऊन सुचत नाहीत.

पहिला धंदा सायकल टुरिझमचा, लांब राइडला लोकांना घेऊन जायचं. तो चालला नाही, २०१५ च्या उन्हाळ्यापर्यंत पैसे संपत आले. मग त्यांनी कॅम्पसवर एक जाहीर पत्र टाकलं, पेकिंग युनिव्हर्सिटीच्या २,००० लोकांनी आपली सायकल द्या, बदल्यात सगळ्यांच्या सगळ्या सायकली वापरा. सप्टेंबर २०१५ ला कॅम्पसमध्ये सेवा चालू झाली आणि धावायला लागली.

इथे जरा थांबतो, कारण लोक ही केस सांगताना 'मित्रांबरोबर धंदा करू नये' असा शेवट करून मोकळे होतात आणि मला ते पटत नाही. त्या वेळी ही टीम एकदम करेक्ट होती. कॅम्पसवर कुठल्या क्लासपासून कुठल्या मेसपर्यंत पोरं कधी पळतात, कुठल्या झाडाखाली सायकली साचतात, सायकल चोरीला गेली की पोराला किती राग येतो, हे कुठल्या एमबीए केलेल्या कन्सल्टंटला कळणार? आणि शेकडो पोरांकडून त्यांची स्वतःची सायकल मागून घ्यायची म्हणजे ओळखी लागतात, क्लबमधल्या, युनियनमधल्या, रूमवरच्या. पगारी माणसाला कुणी सायकल दिली नसती.

आणि काळही तसाच होता. सप्टेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी 'जनसामान्यांची उद्योजकता' अशी हाक दिली, पुढच्या वर्षी ती सरकारी धोरणातच आली. बीजिंगच्या झोंगग्वानत्सुन भागात स्टार्टअपसाठी अख्खा एक रस्ताच करून ठेवला होता, कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेली पोरं आणि शेजारच्या टेबलावर इन्व्हेस्टर. आधीच्या पिढीला पहिला चेक मिळेपर्यंत जे जोडे झिजवायला लागले ते या पोरांना लागले नाहीत. हे वाक्य पुढे परत लागणार आहे.

२०१६ च्या सुरुवातीला झू श्याओहू नावाचे इन्व्हेस्टर आले. हे मोठं प्रस्थ, टॅक्सीवाल्या दीदीमध्ये (हो, नाव दीदीच, पण ताईगिरी काही नाही) सुरुवातीला पैसे लावणारे. त्याच वर्षी दीदीसुद्धा आली आणि ओफो कॅम्पसबाहेर पडून शहरात उतरली. समोर मोबाइक होती, जी एप्रिल २०१६ मध्ये शांघायमध्ये चालू झाली होती. झू साहेबांनी तेव्हा जाहीर सांगून टाकलं की नव्वद दिवसांत लढाई संपेल.

आता कुलपाची गोष्ट, कारण टीम कशी आहे हे मला पॉवरपॉइंटपेक्षा कुलपात जास्त दिसतं. ओफोच्या सुरुवातीच्या सायकलीला साधं मेकॅनिकल कुलूप. सायकलवर नंबर, तो ॲपमध्ये टाकला की चार आकडी कोड यायचा, तो लावायचा, कुलूप उघडायचं. आणि त्या सायकलचा कोड कायम तोच! एकदा पाठ झाला की सायकल तुमची, फुकट. मागच्या माणसानं आकडे फिरवले नसतील तर कोडसुद्धा लागायचा नाही, खटका ओढा आणि निघा. त्या सायकलीत जीपीएस नव्हतं, त्यामुळे कुठली सायकल कुठे पडलीय हे खुद्द कंपनीला नीट कळायचं नाही. कॅम्पसच्या गेटच्या आत हे चालून जातं, कारण सायकल जाऊन जाऊन जाणार कुठे. अडीच कोटींच्या शहरात नाही चालत.

मोबाइकचं उलटं. त्यांची पहिली सायकल म्हणजे रणगाडा, पंचवीस किलो, चेन नाही, न पंक्चर होणारे भरीव टायर, जीपीएसवालं स्मार्ट लॉक, खर्च जवळपास ३,००० युआन. चालवायला त्रासच, पण हरवत नव्हती. ओफोची सायकल काही शे युआनात व्हायची, हलकी, चालवायला मस्त. आता मोबाइकची टीम बघा: फाउंडर हू वेईवेई १९८२ ची, दहा वर्षं ऑटोमोबाइल पत्रकार. कल्पनेमागे आणि पहिल्या पैशामागे ली बिन, इलेक्ट्रिक गाड्यांची निओ काढणारा, सत्तरनंतरचा. सीईओ वांग श्याओफंग, उबरच्या शांघाय ऑफिसचा माजी प्रमुख. टेक्नॉलॉजी बघणारा माणूस गाड्यांच्या कनेक्टेड सिस्टीमवर काम करून आलेला. म्हणजे नोकऱ्या केलेल्या, फॅक्टरी बघितलेल्या लोकांची टीम, त्यांनी आधी वस्तू बनवली मग धंदा. ओफोवाल्यांचं सुरुवातीचं ब्रीदच होतं की आम्ही सायकली बनवत नाही, सायकली जोडतो. हे वाक्य दिसायला फार भारी आहे, पण मला त्यात हेही ऐकू येतं की आमच्यात सायकल बनवणारं कुणी नाही. जून २०१७ मध्ये झू श्याओहू आणि टेन्सेंटचे मा ह्वाथंग यांची टेन्सेंटच्याच वीचॅटवर (म्हणजे चीनचं व्हॉट्सॲप) यावरूनच उघड जुंपली होती, मांचं म्हणणं साधारण असं की स्मार्ट लॉकवाली सायकल म्हणजे स्मार्टफोन आणि ओफोची म्हणजे जुना बटणांचा फोन. (टेन्सेंटचे पैसे मोबाइकमध्ये होते, तेव्हा हा सल्ला निरपेक्ष होता असं काही नाही.)

मग पैशांचा पूर. मार्च २०१७ ला ४५ कोटी डॉलर, जुलैला अलीबाबा वगैरेंचे ७० कोटी डॉलरच्या वर. कंपनीच्याच दाव्यानुसार २० देश, २५० शहरं, कोटीभर सायकली. जाहिरातीला लू हानसारखा पॉप स्टार, शिवाय आपल्या नावाचा उपग्रह सोडायची घोषणा. उपग्रह! सायकल कुठे आहे ते कळत नाही आणि उपग्रह. पण मी हसणारा कोण, सव्विसाव्या वर्षी माझ्या हातात एवढे पैसे आले असते तर मी काय केलं असतं देव जाणे.

टीमचं काय झालं बघा. दोन वर्षांत मूठभर लोकांची ऑफिसात हजारो माणसं झाली. अशा वेळी कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्न आला की माणूस ओळखीचा हात धरतो, हे काही चिनी किंवा नव्वदनंतरचं दुखणं नाही, आपल्या सोसायटीच्या कमिटीत पण हेच होतं. मग २०१७ च्या जुलैमध्ये दीदीकडून मोठी माणसं आली, फू च्यांग एक्झिक्युटिव्ह प्रेसिडेंट म्हणून, बरोबर आणखी काही सीनियर. कागदावर हे बरोबरच होतं, तरुण फाउंडरला अनुभवी माणसं द्या. पण ही माणसं फाउंडरनं शोधून, जेवायला नेऊन, पटवून आणलेली नव्हती, ती शेअरहोल्डरनं पाठवलेली होती. सासरहून आलेला मुनीम कितीही हुशार असला तरी त्याच्या वहीत काय लिहिलंय याची शंका येतेच. नोव्हेंबरपर्यंत ती मंडळी बाहेर होती.

मधल्या काळात झू श्याओहू उघडपणे सांगू लागले होते की ओफो आणि मोबाइक एकत्र आले तरच पैसा दिसेल. दाई वेईला ते नको होतं. वर्षअखेरीस त्यानं जाहीर बोलून दाखवलं की भांडवलाचे आभार, पण भांडवलानं उद्योजकाची जिद्दसुद्धा समजून घ्यावी. तरुण पोरांना हे वाक्य फार आवडतं, माझ्या सेलमध्ये टाळ्या पडतात. मी टाळ्या थांबल्यावर विचारतो, आता मर्जर नको तर मग पैसे कुठून आणणार, हे त्याला त्याच्याच चार मित्रांपैकी कुणी विचारलं असेल का? तिथे मी नव्हतो. पण बाहेरून जे दिसतं ते असं की दाई वेईला अडवणारी प्रत्येक 'नाही' बाहेरून आली, आणि ती सल्ला म्हणून नाही, व्हेटो (म्हणजे निर्णय अडवायचा हक्क) म्हणून आली. डिसेंबर २०१८ मध्ये मा ह्वाथंग यांनी वीचॅटवर ओफोच्या अपयशाचं कारण दोन शब्दांत लिहिलं होतं: व्हेटो राइट. फाउंडरकडे पण व्हेटो, मोठ्या इन्व्हेस्टरांकडे पण व्हेटो, म्हणजे कुणीच काही करू शकत नाही पण प्रत्येक जण दुसऱ्याला थांबवू शकतो. एका बैलगाडीला चार कासरे आणि चारही वेगळ्या हातात.

पुढचं भराभर सांगतो कारण ते उताराचं आहे. जानेवारी २०१८ ला दीदीनं ब्लूगोगो ही बुडालेली सायकल कंपनी चालवायला घेतली आणि स्वतःच्या सायकली पण आणल्या. अलीबाबाच्या गटाचा दुसरा डाव हॅलोबाइक या दुसऱ्या सायकल कंपनीवर लागलेला होताच. म्हणजे ओफोच्या दोन्ही मोठ्या पाठीराख्यांकडे आता पर्याय होते. ओफोला अलीबाबाकडून कर्ज मिळालं ते सायकली तारण ठेवून. एप्रिलमध्ये मोबाइक मेइथ्वान या घरपोच जेवणवाल्या कंपनीला विकली गेली, २७० कोटी डॉलरला. त्या जुलैत ओफो आपल्याकडून गेली. आणि डिसेंबरमध्ये बीजिंगच्या थंडीत ओफोच्या ऑफिसबाहेर लोकांची रांग लागली, डिपॉझिट परत घ्यायला. कुणाचे ९९ युआन, कुणाचे १९९. ऑनलाइन रांगेत तर काही दिवसांत कोटीच्या वर नंबर गेला, म्हणजे सगळ्यांचे कमीतकमी ९९ धरले तरी शंभर कोटी युआनच्या आसपास, आणि कंपनीच्या खिशात खडखडाट. त्याच महिन्यात कोर्टानं दाई वेईवर निर्बंध टाकले, विमानाची महागडी तिकिटं, चांगली हॉटेलं बंद. कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं पै न पै देण्याची जबाबदारी घेतली. मला त्या पोराची तेव्हा दया आली होती, खरं सांगतो.

आता पिढ्यांचं. चर्चेत नेहमी असं मांडतात की जुन्या लोकांनी प्रोफेशनल टीम केली आणि नवी पोरं मित्र गोळा करतात. साफ चूक. मित्र सगळ्यांनीच गोळा केले! अलीबाबाचे जॅक मा १९६४ चे, १९९९ मध्ये हांगचौच्या फ्लॅटमध्ये अठरा जण बसले त्यात त्यांचे स्वतःचे विद्यार्थी होते. म्हणजे ती गुरु-शिष्यांची टीम, पाच लाख युआन वर्गणी काढून. आणि मास्तरांनी सुरुवातीला शिष्यांना सांगून टाकलं होतं की तुम्ही फार तर छोट्या तुकडीचे नायक व्हाल, सेनापती बाहेरून आणू. पुढे त्यांनीच कबूल केलं की ते चुकलं, बाहेरचे बरेच गेले आणि आतले टिकले. टेन्सेंट बघा, १९९८, शेनचेन, पाच जण, त्यातले चौघं एकमेकांचे जुने दोस्त, कॉलेजचे आणि शाळेचे. टिकटॉकवाल्या बाइटडान्सचा झांग यीमिंग १९८३ चा, त्यानं २०१२ मध्ये बीजिंगच्या एका फ्लॅटमध्ये कंपनी काढली तेव्हा बरोबर होता नानकाई युनिव्हर्सिटीतला रूममेट ल्यांग रूबो, आणि २०२१ मध्ये सीईओची खुर्ची त्यालाच दिली. रूममेटच!

तर मग फरक कुठे? मला तो टेन्सेंटच्या आकड्यांत सापडतो. त्यांचं भांडवल पण पाच लाख युआन. मा ह्वाथंग यांचा वाटा साडेसत्तेचाळीस टक्के, झांग झिदोंगचा वीस, झंग लीचिंगचा साडेबारा, बाकी दोघांचा दहा-दहा. म्हणजे मांचे २,३७,५०० युआन, अर्ध्याला साडेबारा हजार युआन कमी. आणि हे चुकून नाही, मुद्दाम. त्यांनीच नंतर सांगितलंय की बाकीच्यांची बेरीज माझ्यापेक्षा थोडी जास्त हवी होती, एकट्याची हुकूमशाही नको होती. साडेबारा हजार युआनचा तो खड्डा म्हणजे मित्रांना दिलेला 'नको' म्हणायचा हक्क. आणि ते पाच जण कॉलेजातून बाहेर पडून काही वर्षं नोकऱ्या करून आलेले, झंग लीचिंग तर टेलिकॉममधला, बाजार ओळखणारा, दोस्तांच्या कंपूतला नसलेला. कोण काय करणार हे ठरलेलं. भांडले तर घरात भांडणार आणि घरातच मिटवणार, कारण बाहेर पैसे घेऊन कुणी उभंच नव्हतं.

ओफोच्या वेळी बाहेर पैसे घेऊन रांग होती. ते वर जे वाक्य लिहिलं होतं ना, जोडे झिजवायला लागले नाहीत, ते इथे लागतं. टीम नीट तावून सुलाखून निघायच्या आत चेक आले, आणि चेकबरोबर नकाराचा हक्क मित्रांकडून उचलून इन्व्हेस्टरकडे गेला. दाई वेईचे मित्र वाईट होते किंवा कच्चे होते असं माझं म्हणणं नाही, त्यांचं मत लागेल अशी रचनाच उरली नाही. याला मी पिढीचा स्वभाव म्हणणार नाही, 'हल्लीची पोरं' तर अजिबात नाही. त्या पिढीला जो पैसा ज्या वेगानं मिळाला त्याचा तो आकार आहे. आणि प्रोफेशनल टीम असती तर वाचले असते का, तर तेही छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण मोबाइकची टीम अनुभवी होती आणि तीसुद्धा विकलीच गेली. फक्त ग्राहकांची रांग दारात लागायच्या आधी विकली गेली, एवढाच फरक. पण तो कोटीभर लोकांच्या डिपॉझिटचा फरक आहे.

सेलमधल्या पोरांना मी शेवटी एकच काम देतो. कागदावर लिहा, की सीईओला एखादी गोष्ट करायचीच आहे आणि बाकी तिघांना पटत नाही, तर नक्की काय होणार. बहुतेक कागद कोरे येतात. एका ग्रुपनं लिहिलं होतं, 'आम्ही चर्चा करू'. गेल्या वर्षी एका मुलीनं मात्र लिहिलं, 'सर, आमच्यात बँकेचा चेक माझ्या सहीशिवाय जात नाही, आणि मला त्याच्या आयडिया आवडत नाहीत.' त्यांची कंपनी अजून चालू आहे, कशी ते विचारू नका, भांडत भांडत चालू आहे.

चीनमध्ये पुढची फळी आली आहे. एआयवाल्या मूनशॉटचा यांग झिलिन नव्वदनंतरचाच, छिंगह्वा युनिव्हर्सिटीचा, अमेरिकेत पीएचडी, २०२३ मध्ये कंपनी काढली ती पुन्हा कॉलेजच्या दोस्तांबरोबर, पण हे दोस्त आधी एकत्र पेपर लिहिलेले, कोड लिहिलेले, एक कंपनी करून बघितलेले. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच जुन्या कंपनीच्या इन्व्हेस्टरांनी हाँगकाँगमध्ये लवादाकडे धाव घेतली, की आमची नीट संमती न घेताच तुम्ही नवीन दुकान थाटलं. नंतर ते प्रकरण मागे घेतलं गेलं. त्या इन्व्हेस्टरांमध्ये झू श्याओहू यांची फर्म होती.